परवाना पेनसिल्व्हेनियाचा, पिस्तूल न्यू जर्सीत: अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला जाताना घडलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण हे पत्र तिच्यामुळेच लिहीत आहे. आम्ही पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीला निघालो होतो. मिनीव्हॅन मित्राची होती. पुढे तो आणि वहिनी, मधल्या सीटवर भारतातून तीन महिन्यांसाठी आलेल्या त्याच्या आई आणि मी, मागे त्याचा मुलगा आणि विद्यार्थी व्हिसावर शिकणारा माझा भाचा. आय-७८ महामार्गावरचा डेलावेअर नदीचा पूल ओलांडून आम्ही पेट्रोल भरायला थांबलो. न्यू जर्सीत पेट्रोल आपले आपण भरता येत नाही, पंपावरचा माणूस येऊन भरतो. तो खिडकीशी उभा असतानाच काकूंनी हात पुसायला कागदी रुमाल मागितला, वहिनींनी समोरचा खण उघडला, आणि विम्याचे कार्ड, गाडीच्या नोंदणीचा कागद, चष्म्याचे घर या सगळ्याच्या खाली एका काळ्या पिस्तुलाची मूठ दिसली. वहिनींनी खण झटकन लावून घेतला. पंपावरच्या माणसाने पैशाचे कार्ड परत दिले, गाडी थोडी पुढे जाऊन उभी राहिली, आणि मग काकूंनी विचारले, "ते काय होतं रे?" मित्र शांतपणे म्हणाला, "काही नाही आई, माझ्याकडे लायसन्स आहे."

त्याच्याकडे परवाना खरोखरच होता. आपल्या काउंटीच्या शेरीफच्या कार्यालयातून त्याने तो रीतसर अर्ज करून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन मिळवला होता. मात्र तो परवाना पेनसिल्व्हेनियाचा होता. न्यू जर्सी दुसऱ्या कोणत्याही राज्याचा शस्त्र बाळगण्याचा परवाना मानत नाही, त्यामुळे नदीवरचा पूल ओलांडला त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने माझा मित्र विनापरवाना, भरलेले पिस्तूल घेऊन फिरणारा माणूस झाला होता. न्यू जर्सीत हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. त्याला ५ ते १० वर्षांची कैद सांगितलेली आहे आणि सामान्यतः किमान ४२ महिने भोगल्याशिवाय पॅरोलचा विचारही होत नाही. गाडी नवराबायको दोघांच्या नावावर होती. बंद खणात शस्त्र सापडले तर ते गाडीच्या मालकाच्या किंवा ती चालवण्याचा अधिकार असलेल्या प्रवाशाच्या ताब्यात होते, असे तिथला कायदा गृहीत धरतो. म्हणजे ज्या वहिनींना गाडीत पिस्तूल आहे हेच ठाऊक नव्हते, त्याही या गृहीतकाच्या कक्षेत येत होत्या.

आमचे नशीब बरे, की त्या दिवशी कोणी पोलीस आडवा आला नाही. सगळ्यांचे नशीब असे नसते. २०१३ साली फिलाडेल्फियात राहणारी, दोन मुलांची आई असलेली एक स्त्री पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना जवळ बाळगून न्यू जर्सीत गाडी चालवत होती. वाहतूक पोलिसाने थांबवल्यावर तिने आपण होऊन, प्रामाणिकपणे, आपल्याजवळ पिस्तूल आणि परवाना असल्याचे सांगितले, आणि त्याच प्रामाणिकपणावर तिला अटक झाली. तिला तुरुंगात दिवस काढावे लागले, दीर्घ कैदेची टांगती तलवार डोक्यावर राहिली, आणि शेवटी २०१५ मध्ये राज्यपालांच्या माफीने ते प्रकरण संपले. खटला संपल्यावर राहत्या देशातून बाहेर काढले जाण्याचे भय तिला नव्हते. आपल्यातल्या अनेकांना आहे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

ही चूक आपल्या लोकांकडून का होते, याचा मी बराच विचार केला. आपण भारतातून आलेली माणसे. तिथे शस्त्रांचा कायदा केंद्राचा, १९५९ सालचा, एकच. त्यामुळे नियम देशभर सारखे असतात हे मनात पक्के बसलेले असते. इथे आल्यावर पहिला परवाना हातात पडतो तो गाडी चालवण्याचा, आणि तो पन्नासही राज्यांत चालतो. पेनसिल्व्हेनियाच्या लायसन्सवर आपण टेक्ससमध्ये गाडी चालवतो, कॅलिफोर्नियात भाड्याने घेतो. तेवढ्याच आकाराचे दुसरे कार्ड पाकिटात आले की तेही तसेच चालणार, असे मन धरून चालते. पेनसिल्व्हेनियात हा परवाना देण्यापूर्वी कोणतेही प्रशिक्षण सक्तीचे नाही, त्यामुळे हा गैरसमज दूर करणारा कोणी वाटेत भेटतही नाही. सर्व राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत अशा आशयाचे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले होते, परंतु ते सेनेटमधून पार पडले नाही. अनेकांना मात्र ते विधेयक आठवते आणि त्याचे पुढे काय झाले ते आठवत नाही.

राज्याराज्यांतला फरक किती टोकाचा असावा! टेक्ससमध्ये २००७ पासून कायद्याने पात्र असलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीत पिस्तूल ठेवण्यासाठी वेगळ्या परवान्याची गरज राहिलेली नाही. कॅलिफोर्नियात परवाना नसलेल्या माणसाने तेच पिस्तूल काडतुसे काढून कुलूपबंद पेटीत किंवा डिकीत ठेवावे लागते, आणि समोरचा खण कुलूप लावलेला असला तरी तो कुलूपबंद पेटी म्हणून धरला जात नाही. पेनसिल्व्हेनियात तर असे आहे की फिलाडेल्फिया वगळता इतरत्र कमरेला उघडपणे पिस्तूल लावून पायी फिरायला परवाना लागत नाही, पण तोच माणूस तेच पिस्तूल घेऊन गाडीत बसला की परवाना लागतो. घर, अंगावरचे कपडे आणि गाडी या तीन जागा कायदा तीन वेगवेगळ्या नजरांनी पाहतो. आपण मात्र गाडीला घराचीच एक खोली समजून वागतो. सहा-सहा तास तिच्यात बसणाऱ्या कुटुंबाला तसे वाटणे स्वाभाविकच आहे.

"पण प्रवासात जाणाऱ्यांना केंद्राचा कायदा संरक्षण देतो ना?" हे मला आजवर तीन वेगवेगळ्या सभासदांनी विचारले. देतो, पण त्याच्या अटी फार थोड्या लोकांनी वाचलेल्या असतात. १९८६ च्या कायद्यानुसार ज्या ठिकाणाहून आपण निघालो आणि ज्या ठिकाणी पोहोचणार आहोत, त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणे आपल्यासाठी कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येते. शस्त्रात काडतूस नसावे, आणि शस्त्र व काडतुसे यांपैकी काहीही प्रवाशांच्या बसण्याच्या जागेतून हाताशी येणारे नसावे. ज्या वाहनाला वेगळी डिकी नाही, त्यात दोन्ही गोष्टी कुलूपबंद पेटीत हव्यात, आणि समोरचा खण किंवा दोन सीटमधला कप्पा अशी पेटी म्हणून चालत नाही. आपल्या कार्यक्रमांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या मिनीव्हॅन आणि एसयूव्ही डोळ्यांसमोर आणा. त्यांपैकी जवळजवळ एकीलाही वेगळी डिकी नाही.

संरक्षण आहे तेही प्रवासापुरतेच. २००५ साली युटाहून पेनसिल्व्हेनियाला विमानाने निघालेल्या एका प्रवाशाचे न्यूअर्कला पुढचे विमान चुकले. त्याने रीतसर नोंदवलेले, कुलूपबंद पिस्तूल असलेली बॅग ताब्यात घेतली, रात्र हॉटेलात काढली, आणि सकाळी विमानतळावर ते पुन्हा नोंदवताना त्याला अटक झाली. त्याच्यावरचे आरोप पुढे मागे घेतले गेले; परंतु झालेल्या अटकेबद्दल त्याने दाद मागितली तेव्हा २०१० मध्ये अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की हॉटेलात ती बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून केंद्राच्या कायद्याचे संरक्षण त्याला लागू होत नाही. चूक विमान कंपनीच्या वेळापत्रकाची होती, त्याची नव्हती, तरीही.

आता नायगाराकडे वळतो. आईवडील भारतातून आले की नायगारा ठरलेलाच असतो. पेनसिल्व्हेनियातून किंवा ओहायोतून निघणारे आपण न्यूयॉर्क राज्यात शिरतो, दोन रात्री मुक्काम करतो आणि परततो. या सहलीचे मुक्कामाचे ठिकाणच न्यूयॉर्क राज्यात आहे. तिथे बाहेरच्या राज्याचा परवाना मानला जात नाही, म्हणून पोहोचण्याच्या ठिकाणी शस्त्र कायदेशीर असण्याची केंद्राची अटच इथे पुरी होत नाही, आणि पिस्तूल कितीही चांगले कुलूपबंद केले तरी त्या कायद्याचा आधार मिळत नाही. शिवाय न्यूयॉर्कमध्ये आणखी एक तरतूद आहे, जी प्रत्येक मराठी घराने ऐकायला हवी. गाडीत पिस्तूल सापडले तर, काही अपवाद सोडता, ते त्या वेळी गाडीत बसलेल्या सर्वांच्या ताब्यात होते असे प्रथमदर्शनी मानता येते. १९७३ साली न्यूयॉर्कच्या थ्रूवेवर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल एक गाडी अडवली गेली. तीत तीन पुरुष आणि सोळा वर्षांची एक मुलगी होती. दोन पिस्तुले त्या मुलीच्या उघड्या हँडबॅगेत बाहेरून दिसत होती. दोषी मात्र चौघेही ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७९ मध्ये न्यायालयाने ही तरतूद त्या प्रकरणात वैध ठरवली. मागच्या सीटवर शाल घेऊन बसलेले आईवडील त्याच "सर्वांच्या" या शब्दात मोजले जाऊ शकतात. आणि नायगाराला चुकीच्या लेनमध्ये शिरून रेनबो ब्रिजवर गेलेली गाडी तर थेट कॅनडाच्या सीमेवर उभी राहते, जिथे पिस्तूल जप्त होते आणि ते आधी सांगितले नसेल तर गुन्हाही नोंदवला जातो.

व्हिसाचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि मंडळांनी यावर उघडपणे बोलण्याचे आतापर्यंत टाळले आहे, हे मला खेदाने लिहावे लागते. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, पर्यटक व्हिसा, अशा तात्पुरत्या व्हिसावर इथे राहणाऱ्या व्यक्तीला केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवण्याची मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना हा त्यातला प्रमुख अपवाद आहे, आणखीही काही मोजके आहेत, पण शिकारीचा परवाना नसलेल्या सामान्य सॉफ्टवेअर अभियंत्याला ते सहसा लागू होत नाहीत. या गुन्ह्याची कमाल शिक्षा २०२२ मध्ये १० वर्षांवरून १५ वर्षांवर नेण्यात आली. मित्राच्या गाडीत बसणे म्हणजे काही लगेच ताबा होत नाही. त्यासाठी शस्त्राची माहिती आणि त्यावर नियंत्रण असण्याचा इरादा सिद्ध व्हावा लागतो. तरीही "जरा हे धर, मी गाडी लावून येतो" एवढ्या एका वाक्याने माझ्या भाच्यासारख्या मुलाची स्थिती बदलते, हे त्या मुलालाही माहीत नसते आणि पिस्तूल हातात देणाऱ्यालाही नसते.

ग्रीन कार्ड असलेल्यांनी निश्चिंत राहावे असेही नाही. त्यांना बंदूक विकत घेता येते, राज्याच्या नियमांप्रमाणे परवाना मिळू शकतो. परंतु देशात प्रवेश मिळाल्यानंतर केव्हाही, कोणत्याही कायद्याचा भंग करून बंदूक बाळगल्याबद्दल किंवा जवळ नेल्याबद्दल दोषी ठरलेली परदेशी व्यक्ती देशाबाहेर घालवण्यास पात्र ठरते, असे स्थलांतराच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे नागरिकाच्या बाबतीत जे प्रकरण दंड, देखरेख आणि मनस्ताप यांवर मिटेल, तेच ग्रीन कार्डधारकाचे वीस वर्षांचे घर, मुलांच्या शाळा आणि नोकरी मोडून टाकू शकते. अशा वेळी गुन्ह्याची कबुली देऊन शिक्षा कमी करून घ्यावी, असा सल्ला फौजदारी वकील चांगल्या हेतूने देतात, आणि त्या कबुलीचा स्थलांतरावर काय परिणाम होईल हे नंतर कळते.

बंदूक बाळगावी की बाळगू नये, हा या पत्राचा विषय नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधील ओलाथा येथे एका भारतीय अभियंत्याची बारमध्ये गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी त्या रात्री दारे दोनदा तपासली. रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवणाऱ्या माणसाच्या भीतीला मी काल्पनिक म्हणणार नाही. माझा मित्रही हौसेने नव्हे, भीतीने पिस्तूल घेणाऱ्यांपैकीच आहे. त्याला दोष देण्यासाठी मी लिहीत नाही. त्याला कोणी सांगितले नाही आणि मलाही कोणी विचारले नाही, याची टोचणी आहे म्हणून लिहितो.

मंडळांनाच उद्देशून लिहिण्याचे कारण म्हणजे आपले कार्यक्रम जिथे होतात ती जागा. गणपती आणि दिवाळी शाळेच्या सभागृहात, मराठी शाळा रविवारी एखाद्या शाळेच्या वर्गांत. केंद्राच्या कायद्याने शाळेचे आवार आणि त्याभोवतीचे १००० फूट हे शालेय क्षेत्र ठरते, आणि तिथे बंदूक नेण्यास मनाई आहे. १९९० चा मूळ कायदा १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता, म्हणून तो आता नाही असे काहीजण सांगतात. संसदेने १९९६ मध्ये तो सुधारून पुन्हा आणला आहे. ज्या राज्यात शाळा आहे त्याच राज्याने दिलेला परवाना असल्यास, किंवा बंदूक रिकामी करून वाहनात कुलूपबंद पेटीत ठेवली असल्यास हा केंद्राचा कायदा सूट देतो. राज्यांचे स्वतःचे नियम याहून वेगळे आणि अनेक ठिकाणी अधिक कडक आहेत. रविवारी मुलांना बाराखडी शिकवायला सोडणारा पालक शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करतो, तेव्हा शाळेला सुट्टी असल्याने काही फरक पडत नाही, कारण कायदा जागेबद्दल आहे. आरती चालू असताना बाहेरच्या दीडशे गाड्यांपैकी एखादीच्या खणात काय आहे, हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नसते.

गाडी सोडून आत जाताना पिस्तूल तिच्यातच ठेवले जाते, ही त्याच प्रश्नाची दुसरी बाजू. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका केंद्रीय अधिकाऱ्याच्या उभ्या गाडीतून पिस्तूल चोरीला गेले आणि काही दिवसांतच त्याच पिस्तुलाच्या गोळीने बंदराच्या धक्क्यावर वडिलांबरोबर फिरणाऱ्या एका तरुणीचा जीव गेला. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातून हे घडते, तर आपले काय सांगावे. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२५ पासून माणूस नसलेल्या गाडीत पिस्तूल ठेवायचे असल्यास ते टणक पेटीत, कुलूप लावून, बाहेरून दिसणार नाही असे ठेवणे आणि गाडीही कुलूपबंद करणे बंधनकारक झाले आहे. न्यूयॉर्कमध्येही समोरचा खण सुरक्षित जागा मानली जात नाही. माझ्या मते असा नियम राज्यात असो वा नसो, प्रत्येक पिस्तूलधारक सभासदाने तो स्वतःला लावून घ्यावा. गाडीच्या चौकटीला तारेने बांधता येणारी पोलादी पेटी सहज मिळते.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. कर, मृत्युपत्र, महाविद्यालयीन प्रवेश या विषयांवर आपण दरवर्षी तज्ज्ञांची व्याख्याने ठेवतो, ती उपयुक्तही असतात. त्याच धर्तीवर वर्षातून एकदा शस्त्र कायदा आणि स्थलांतर कायदा हे दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला बोलवावे, किंवा दोघांना एकत्र बसवावे. एकट्या फौजदारी वकिलाने भागत नाही, हे वर लिहिलेच आहे. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्यावेत, नाहीतर कोणी विचारणार नाही. शेजारच्या राज्यातून लोक येणार असतील अशा प्रत्येक कार्यक्रमाच्या निमंत्रणात, पार्किंगच्या सूचनेशेजारी, दोन ओळी असाव्यात: कार्यक्रम शाळेच्या आवारात आहे, या राज्यात बाहेरचा परवाना चालतो की नाही, आणि म्हणून शस्त्र घरी ठेवून यावे. आणि सहलीला चारचौघांना गाडीत घेणाऱ्याने निघण्यापूर्वी गाडीत काय आहे ते सगळ्यांना सांगावे. बसणाऱ्यानेही विचारायला लाजू नये. आपल्याकडे असे विचारणे उद्धटपणाचे वाटते, हे मला मान्य आहे. मलाही त्या दिवशीपर्यंत तसेच वाटत होते.

त्या दिवशी आम्ही पुढच्या एक्झिटवरून गाडी वळवली आणि परत घरी गेलो. परतीचे वीस मैल कोणी रेडिओ लावला नाही. मित्राने वेगाचा काटा एकदाही मर्यादेच्या वर जाऊ दिला नाही, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे तो आरशात पाहत होता. पिस्तूल घरी तिजोरीत ठेवून आम्ही पुन्हा निघालो, तेव्हा काकू आमच्याबरोबर आल्या नाहीत. कार्यक्रमाचा पहिला भाग हुकला.

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला मी यापूर्वीच कळवले आहे की असे सत्र ठरले तर वकिलाशी बोलणे, सभागृह मिळवणे आणि खुर्च्या मांडणे ही कामे मी करीन. मित्राने पहिल्या रांगेत बसून घडलेले सर्व स्वतः सांगण्याचे कबूल केले आहे. इतर मंडळांनी बोलावल्यास आम्ही दोघेही येऊ. तारीख मात्र नायगाराच्या सहली सुरू होण्यापूर्वीची, एप्रिलमधली धरावी, एवढे सुचवतो.

आपला,
पेनसिल्व्हेनियातील एक सभासद